मापाची चोळी

बटन तुटलं ते थेट पहिल्या रांगेतल्या सोजरेच्या पाटीवर जाऊन पडलं. टक्क. आवाज एवढासाच, पण भूगोलाच्या तासाला पोरी गप्प बसलेल्या असल्या की एवढासा आवाजही वर्गभर फिरून येतो. चंद्राबाई फळ्यावर नीरा नदी काढत होती. एरवी ती फळ्याच्या खालच्या निम्म्या भागातच लिहायची, पण आज नदीच्या नादात भान राहिलं नाही. हिर्डोशीचे डोंगर जिथे असायला हवेत तिथे काढावेत म्हणून तिने हात डोक्याच्या वर नेला, आणि तो तसाच वर ठेवून, “नदी कुठून निघते गं?” असं विचारायला पोरींकडे वळली. पोलक्याला ते सोसलं नाही. सोजरेने बटन उचललं, परकराला पुसलं, उभी राहिली आणि देवळातला प्रसाद द्यावा तसं दोन्ही हातांनी पुढे धरलं. “बाई, तुमचं बटन.” पोरगी गुणाची, हसली नाही. मागे कोणी हसलं की नाही ते चंद्राबाईने पाहिलंच नाही. तिने पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला, बटन मुठीत धरलं, डोंगर अर्धेच ठेवले आणि नदी घाईघाईने सारोळ्याच्या पुलाखाली नेऊन सोडली.

मधल्या सुटीत ती कोठीच्या खोलीत गेली. तिथे नकाशांच्या गुंडाळ्या, मोडकी बाकं आणि खडूंची खोकी होती. दाराला कडी घालून तिने टाचणी लावली. एक टाचणी आधीच होती, ही दुसरी. बटनांच्या मधे कापड असं ताणलेलं की होडीच्या आकाराच्या फटी पडत, आणि खांद्यावर मात्र तेच पोलकं इतकं सैल की बाहीची शिवण दंडावर उतरलेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. येत्या गुरुवारी दिपोटीसाहेब शाळा तपासायला येणार होते. गेल्या साली त्यांनी शेरेबुकात तिच्या नावापुढे लिहिलं होतं: ‘फळ्याचा वरचा अर्धा भाग कोरा राहतो. मागील मुलींस दिसत नाही. सुधारणा न झाल्यास कायम करण्याचा विचार करता येणार नाही.’ हेडमास्तरांनी तिला ते वाचून दाखवलं आणि चष्म्यावरून पाहत विचारलं, “यात अवघड ते काय आहे, बाई?” तिने मान खाली घातली. अवघड काय आहे ते भोर संस्थानातल्या कोणत्या पुरुषाला सांगायचं होतं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. नोकरी जायची होती ती अक्षरामुळे नाही, गणितामुळे नाही. हात वर जात नाही म्हणून. आणि हात वर का जात नाही, हे उच्चारण्यापेक्षा नोकरी गेलेली बरी असं तिला कधीकधी खरंच वाटे, आणि तसं वाटलं की तिचा तिलाच राग येई.

तिचं माहेर वेल्ह्याकडचं, डोंगराच्या कुशीतलं. तिथे अंगाची लाज फारशी कोणाला परवडत नव्हती. भातलावणीला पंधरा-पंधरा बायका ओळीने वाकायच्या, चोळ्यांच्या गाठी पाठीपर्यंत भिजलेल्या, आणि कोण भरली, कोण वाळली हे बघायला कोणाची मान वर होत नव्हती. तिची चुलती तर अशी थोराड, की धनगरवाड्यावरच्या बायका तिला हसत म्हणायच्या, “तुमच्या सावलीला दोन शेळ्या बसत्याल, काकू.” आणि काकू म्हणायची, “बसू द्या की. उन्हाच्या कुठं जात्याल?” चंद्राला ते बोलणं फार आवडायचं. पुढे वडिलांनी तिला शिकायला नसरापूरला ठेवलं आणि वयाच्या तेराव्या वर्षी, एकाच उन्हाळ्यात, अंग असं भरून आलं की वर्गात ती दप्तर छातीशी धरूनच उभी राहू लागली. मास्तर म्हणाले, दप्तर खाली ठेव. तिने ठेवलं आणि खांदे पुढे ओढून घेतले. ते ओढलेले खांदे मग उतरलेच नाहीत. अक्षरं, पाढे, संस्थानातली गावं आणि नद्या, सगळं शाळेतच शिकली, आणि लाजही तिथेच; आणि चंद्रा हुशार असल्यामुळे तीही तिला पहिल्याच वर्षी चांगली येऊ लागली.

लग्न होऊन भोरला आली तेव्हा सासूबाईंनी, बाळाबाईंनी, पहिल्या संक्रांतीला सुनेसाठी खण घेतला. शिंपीआळीतला गेनबा शिंपी पुरुष. तो बाईमाणसाला टेप कसा लावणार? भोरात रीत अशी की घरातली म्हातारी मापाची म्हणून एक जुनी चोळी शिंप्याकडे पाठवायची आणि शिंप्याने तिच्यावर कापड ठेवून बेतायचं. बाळाबाईंनी नवी सून म्हणून तिची चोळी मागायचा संकोच केला आणि स्वतःचीच पाठवून दिली. बाळाबाई म्हणजे शेवग्याची शेंग. पहिली चोळी अंगात शिरेना, तेव्हा त्या गेनबाला म्हणाल्या, “जरा सैल घे रं बाबा.” गेनबाने इमानाने चहूबाजूंनी दोन-दोन बोटं सैल घेतली: गळ्याला दोन, खांद्याला दोन, बाहीला दोन, छातीला दोन. पुढे चोळीचं पोलकं झालं, गाठीच्या जागी बटनं आली, पण मापाला गेली ती तीच चोळी. गेली अकरा वर्षं चंद्राबाई सासूच्या अंगात दोन बोटं सैल अशी राहत होती. सासूबाईंचा यात काही दुष्टावा नव्हता. त्या जेवायला वाढताना तिच्या ताटात आधी तूप घालत. पण ‘ही चोळी मला होत नाही’ हे सांगायचं म्हणजे कुठे होत नाही ते सांगायचं, ते त्यांनी गेनबाला सांगायचं, आणि गेनबाने चाळीस घरांची कापडं मांडलेल्या ओटीवर ते ऐकायचं. त्यापेक्षा टाचणी बरी.

आणि तिच्या ट्रंकेत, नॅप्थालिनच्या गोळ्यांखाली, दोन वार राखी रंगाचं सुती कापड तीन वर्षं पडून होतं, त्याचं काय करायचं? ट्रेनिंगला पुण्याला होती तेव्हा तिथे मानसशास्त्र शिकवायला एक बाई यायच्या. लुगडं पांढरं, काठ दोऱ्याएवढा, आणि वर कोपरापर्यंत बाहीचं, गळ्याशी नीट बसलेलं बिनफुलाचं पोलकं. दागिना नाही, चमक नाही. त्या वर्गात आल्या की खिडकी उघडल्यासारखं वाटे. चंद्राबाईला कधी पैठणीची हाव वाटली नव्हती, पण त्या साधेपणाची तिला इतकी हाव वाटली की त्याच आठवड्यात तिने लक्ष्मी रस्त्यावर ते राखी कापड घेतलं. घरी आणून अंगावर धरलं आणि सासूबाई मागून म्हणाल्या, “हे कशाला गं? आपल्या अंगाला फुलाफुलाचंच बरं. बघणाऱ्याचा डोळा फुलात गुततो.” त्या सहज बोलल्या. चंद्राबाईनेही सहज घडी घातली. तेव्हापासून तिने शेवंतीची पोलकी घातली, कैरीची घातली, एक तर मोरांचं घातलं. साधं कापड हे सडपातळ बायकांचं, हे तिने पाढ्यासारखं पाठ करून टाकलं होतं. जाडजूड बाईने साधं घातलं तर ती उघडी पडते; तिने गलका करावा आणि गलक्यात लपावं. तिला गलका आवडत नव्हता. रस्त्याने जाताना मोरांचं ओझं होत असे.

कोठीच्या दारावर थाप पडली. “बाई, म्या हाय. ठकू.” ठकुबाई म्हणजे मुलींना घरोघर जाऊन शाळेत आणणारी बाई. तिने आत येऊन टाचण्या पाहिल्या, मुठीतलं बटन पाहिलं, आणि कोणाला विचारल्यावाचून खोक्यावर बसली. “म्या लई दिस बघतीया,” ती म्हणाली. “बोलायचं नव्हतं. पर दिपोटी येनार म्हनं. आमच्या वरव्याला अंबूबाई हाय, शिंपीन. नवरा पटकीनं गेला, मशीन ऱ्हायलं. बायकांचंच शिवती ती. अंगाला हात लावून माप घेती. एतवारी चला माझ्यासंगं.” चंद्राबाई म्हणाली, “सासूबाईंना काय सांगू?” ठकुबाई म्हणाली, “माझ्या घरी देवाचं जेवान हाय म्हना. देव काय न्हाई म्हनतोय?”

रविवारी सर्व्हिस मोटारीने त्या निघाल्या. ट्रंकेतलं कापड चंद्राबाईने पिशवीत तळाशी ठेवलं होतं आणि वर दोन वांगी ठेवली होती, चोरी केल्यासारखी. वरवे बुद्रुकला अंबूबाईचं घर म्हणजे एक खण, पुढे शेणाने सारवलेली ओटी, आणि दाराच्या उजेडात मशीन. अंबूबाई पन्नाशीची, बारीक, कपाळ मोकळं. भिंतीला खुंट्या, आणि खुंट्यांना सुतळ्या लोंबत होत्या. प्रत्येक सुतळीला पाच-सहा गाठी, आणि वरच्या टोकाला कापडाची एकेक चिंधी. “टेपावरलं आकडं मला येत न्हाईत,” अंबूबाई म्हणाली. “म्हनून एका बाईची एक सुतळी. चिंधी तिच्याच कापडाची, म्हंजी वळख ऱ्हाती.” मग तिने दार लोटलं, ठकुबाईला बाहेर बसवलं आणि म्हणाली, “पदर काढा.”

चंद्राबाईने पदर काढला. नवऱ्याखेरीज कोणासमोर असा पदर काढून ती उभी राहिली नव्हती, आणि त्याच्यासमोरही उजेडात नाही. तिने सवयीने खांदे पुढे ओढले. अंबूबाईने दोन्ही अंगठे तिच्या खांद्यांच्या मागे लावले आणि हलकेच मागे ढकलले, ज्वारीचं पोतं सरळ उभं करावं तसं. “हे असं वाकून दिलं तर म्या वाकल्यालंच शिवीन,” ती म्हणाली. “काम काय करता?” “शिकवते.” “मंग शिकवा.” चंद्राबाईला समजेना. अंबूबाईने चुलीतला एक कोळसा तिच्या हातात दिला आणि भिंतीकडे वळवलं. “तितं लिवा. जेवढा हात पोचंल तितवर. दुधाची घागर डोक्यावर घेनारीची चोळी येगळी, लावनी करनारीची येगळी. उभं ऱ्हाऊन माप घेतलं की उभ्यापुरतंच हुतं.” चंद्राबाईने कोळशाने भिंतीवर ‘नीरा’ लिहिलं, छातीच्या उंचीला. “वर,” अंबूबाई म्हणाली. तिने डोक्याच्या उंचीला लिहिलं. “आनि वर. टाचा उचला.” तिने टाचा उचलल्या, हात आढ्याकडे नेला, आणि त्या अवस्थेत अंबूबाईची सुतळी तिच्या काखेखालून, पाठीवरून, छातीवरून फिरत राहिली. बोटं गार होती आणि त्यांना कसलीच घाई नव्हती. त्यांना नवल वाटत नव्हतं, कीव येत नव्हती. बांगडीवाल्या कासारणीचा हात असतो तसा तो कामाचा हात होता. गाठ मारताना अंबूबाई तोंडाने ‘हं’ म्हणायची. पाचव्या ‘हं’ला चंद्राबाईच्या डोळ्यांना धारा लागल्या. कोळसा धरलेला हात वरच होता, त्यामुळे पुसता येईना.

“रडू नगा, सुतळी हालती,” अंबूबाई म्हणाली. मग अंगातून उतरवलेलं गेनबाचं पोलकं हातात घेऊन तिने ते उलटंपालटं केलं आणि हसू आवरत विचारलं, “ही कुना म्हातारीच्या मापाची हाय?” चंद्राबाईने सांगितलं. अकरा वर्षांची हकीकत ती एका दमात बोलून गेली. अंबूबाई म्हणाली, “अवो, खांदा तुमचा पोरीवानी बारीक हाय. पाठ बारीक. फकस्त पुढं भरल्यालं. तुमाला सैल नगं, तुमाला चिमटं पायजेत.” तिने राखी कापडावर नखाने खुणा केल्या. खालून दोन चिमटे, काखेकडून एकेक, म्हणजे कापडाला आपोआप पोकळी येते; आणि काखेत एक चौकोनी कळी, म्हणजे हात वर गेला तरी पोलकं जागचं हलत नाही. चंद्राबाईने भीतभीत विचारलं, “साधं कापड आहे. फूल नाही, वेल नाही. बरं दिसेल का माझ्यासारखीला?” अंबूबाई मशीनला दोरा ओवत होती. ती वर न पाहता म्हणाली, “साध्या कापडात शिवनाराची चूक दिसती, बाई. घालनारीची कशी दिसंल?”

संध्याकाळच्या मोटारीच्या आत पोलकं तयार झालं. हातात धरलं तर ते इतकंसं होतं की चंद्राबाईने ते दोनदा उलटून पाहिलं. हे आपल्याला होणं शक्यच नाही. पण बटनं लागली. सगळी, एकही न कुरकुरता. खांद्याची शिवण खांद्यावर आली. अंबूबाईकडे आरसा नव्हता, पाण्याची परात होती, तिच्यात वाकून पाहिलं तर परातीत एक सुबक बाई होती, राखी, शांत, कुठेही गलका नसलेली. तिने आपलं अंग कमी केलेलं नव्हतं, लपवलेलं नव्हतं. ते होतं तेवढंच होतं, फक्त आता त्याला त्याची जागा मिळाली होती.

घरी बाळाबाई दारातच बसल्या होत्या. त्यांनी सुनेला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “देवाच्या जेवनाला गेलती ना?” असं विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली नाही. रात्रीची भाकरी झाल्यावर त्या हळूच जवळ आल्या, शिवणीवर बोट फिरवलं, काखेतली कळी चाचपली. “अकरा वर्सं माझीच चोळी मापाला देत आले मी,” त्या म्हणाल्या. “तुला इचारावं असं एकदाबी आलं न्हाई मनात. तू तरी बोलायचं की गं.” चंद्राबाई म्हणाली, “तुम्ही तरी कसं विचारणार होता?” मग बाळाबाईंनी मापाची चोळी पेटीतून काढली आणि तिचं चुलीजवळचं फडकं केलं.

गुरुवारी दिपोटीसाहेब आले. चंद्राबाईने फळ्याच्या अगदी वरच्या कडेला तारीख घातली, खाली डोंगर काढले, हिर्डोशीपासून नदी सोडली. साहेब मागच्या बाकावर जाऊन बसले, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. पोरींना त्यांनी दोन प्रश्न विचारले, एकीने उत्तर चुकवलं, दुसरीने सांगितलं. शेरेबुकात लिहिलं: ‘सुधारणा आहे. कायम करण्यास हरकत नाही.’ हेडमास्तर म्हणाले, “बघा, सोपं होतं की नाही?” चंद्राबाई हसली. तिला एकाएकी कळलं होतं की तास सुरू झाल्यापासून घंटा होईपर्यंत आपल्याला आपलं अंग एकदाही आठवलं नाही. नोकरी राहिली याचा आनंद मोठाच होता, घरात दोन पगार राहणार होते. पण हा दुसरा आनंद त्याहून मोठा होता आणि तो कोणाला सांगण्याजोगा नव्हता. एकीला सोडून.

तिचे उपकार कसे मानायचे, हा मात्र पेच पडला. शिलाई अंबूबाईने त्याच दिवशी घेतली होती, तो व्यवहार मिटला होता. बाईने बाईचं ऋण मानायचं तर आपल्याकडे रीत एकच: खण-नारळाने ओटी भरायची. आणि अंबूबाई विधवा. तिची ओटी भरता येत नाही. साऱ्या मुलखाच्या बायकांच्या ओटीत पडणारे खण जी शिवते, तिच्या ओटीत खण पडत नाही, हे चंद्राबाईला पुढच्या रविवारी वरव्याच्या मोटारीत बसल्यावर नीट उमगलं आणि ती सबंध वाट खिडकीबाहेर बघत राहिली. पिशवीत तिने राखी कापडच घेतलं होतं, तसंच, नवं. कुंकू घेतलं नव्हतं.

अंबूबाईने कापड पाहिलं आणि हात पुसत सुतळ्यांच्या खुंटीकडे गेली. “तुमची सुतळी हाय हितं. दुसरं शिवायचं ना?” “माझं नाही,” चंद्राबाई म्हणाली. “तुमचं. तुमची सुतळी कोणती?” अंबूबाई हसली. “माझी कशाला? उरल्यासुरल्या चिंध्या जोडती न् घालती. मला कोन बघतंय?” तिच्या अंगातल्या चोळीची एक बाही करड्या कापडाची होती, दुसरी विटक्या निळ्या. चंद्राबाईने दार लोटलं. मशीनवरची कोरी सुतळी उचलली. “पदर काढा,” ती म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकली. वर्गातला आवाज होता तो. अंबूबाई नको नको म्हणत राहिली, आणि नको म्हणता म्हणता तिने पदर काढला. “आता शिवा,” चंद्राबाई म्हणाली. अंबूबाई मशीनशी बसली, रिकाम्या मशीनवर हात फिरवू लागली, पाय चालवू लागली, आणि चंद्राबाईने मागून तिच्या पाठीवर सुतळी टेकवली. अंबूबाईचे पाय थांबले. ती आक्रसून गेली होती, अगदी लहान झाली होती.

“हळू,” ती म्हणाली. “सोळा वर्सं झाली. कुनाचा हात लागला न्हाई अंगाला.”

चंद्राबाईने हळू केलं. खांद्यापासून खांद्यापर्यंत सुतळी धरली, तिथे गाठ मारली, नीट, घट्ट, शाळेत पुस्तकांच्या गठ्ठ्याला मारते तशी. अंबूबाईने मान वळवून गाठीकडे पाहिलं. एवढ्या वर्षांच्या शिंपिणीला गाठ घट्ट की सैल हे दुरूनही कळतं.

“सैल झाली वाटतं,” ती म्हणाली. “परत मोजा.”

चंद्राबाईने गाठ सोडली आणि परत मोजायला घेतलं.